चौकटीची खालची बाजू

माय, आज दुपारी तुझ्या हातची एक चौकट माझ्या मांडीवर आली. काच तडकलेली, पट्टीचा रंग उडालेला, पण चारही कोपरे अजून असे जुळलेले की नखसुद्धा आत जात नाही. मी तर हसायलाच लागले. नात आतून धावत आली, म्हणे आजी, काय झालं, कोणाचा फोटो आहे? मी म्हटलं, ते मागून सांगते, आधी ह्या कोपऱ्यावर हात फिरव. तिनं फिरवला, पुन्हा फिरवला आणि म्हणाली, 'जोड कुठी आहे?' बस्स. त्या पोरीनं जोड शोधला आणि तिला तो सापडला नाही, मग मला कुठं बसवतंय! म्हटलं, हे मायला कळवलंच पाहिजे. तू गेलीस तेव्हा जेवढी होतीस त्याच्यापेक्षा मी आता कितीतरी म्हातारी आहे, म्हणजे नात्यानं तू माय आणि वयानं मी. चौथीपर्यंतच शाळेत गेले, तिथं बाईंनी घोटून घेतलं तसंच लिहिते. बोलताना मी अजून मले-तुलेच म्हणते, पण कागद पुढं आला की हात आपोआप शहाण्यासारखा चालतो. नात शेजारी बसून वाचते आहे. त्यामुळे तुला माहीत असलेल्या गोष्टीही मला सांगाव्या लागतील, कंटाळू नको.

चांद्याला वेशीच्या आत आपलं फोटो मढवायचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं चूल, मधे गोणपाटाचा पडदा. बा गेला तेव्हा सगळे म्हणाले, दुकान विका, बाईमाणसाचं काम नाही. तू दुसऱ्या दिवशी बाची करवत उचललीस आणि तेलपाणी करून ठेवलीस. आलापल्लीकडून सागाचे तुकडे यायचे, ते तू चुलीच्या वरच्या फळीवर धुरात ठेवायचीस, वाजवून पाहायचीस, आवाज खणखणीत आला तरच खाली. ओल्या लाकडाची चौकट आज सरळ दिसते आणि पुढच्या उन्हाळ्यात तोंड वाकडं करते, असं तू म्हणायचीस. काच लाकडापेक्षा दोराभर लहान कापायची, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि काचेचा गळा आवळतं. चार पट्ट्या तिरक्या कापून सरसानं जोडल्या की चौकटीला सुतळीचा वेढा घालायचा, सुतळीत काडी घालून पिळायची आणि तशीच ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती उजेडासमोर धरायची. कोपऱ्यातून उजेडाची एक रेघ जरी दिसली तरी तू ती पुन्हा उकलायचीस. काचेला आतून बोट लावलं की मार. चिंचोक्याच्या खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद टाकायला विसरलं की त्याच्याहून जास्त मार. माझे कान अजून लांब आहेत ते त्यामुळंच.

आणि फोटो काचेला टेकू द्यायचा नाही. मधे बांबूच्या बारीक कामट्या चारही कडांनी बसवायच्या, म्हणजे काच आणि चेहरा ह्यांच्यात वारा राहतो. हे मी एकदाच शिकले आणि जन्मात विसरले नाही. बल्लारपूरहून कोणीतरी दुसऱ्याच्या हातानं मढवलेला एका बाईचा फोटो आणला होता, चौकट बदलून द्या म्हणून. तू खिळे काढले, काच उचलली, आणि चेहरा काचेबरोबर निघून आला. ओलीनं चिकटला होता. खाली कागदावर लुगडं होतं, मांडीवर ठेवलेले हात होते, आणि मानेच्या वर पांढरं. तू काच उलटी करून पाहिलीस. मीही पाहिलं. माय, चेहऱ्याची मागची बाजू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. आपण त्या बाईच्या आत उभं राहून बाहेर पाहतोय असं वाटलं. तू काचेवर पदर टाकलास आणि म्हणालीस, 'माणसाच्या तोंडासमोर जागा सोडावी, बापा. फोटो झाला म्हणून काय झालं.'

तुझी एक रीत होती. ती चांद्यात दुसऱ्या कोणाची नव्हती. चौकटीच्या पाठीला धूळ जाऊ नये म्हणून खाकी कागद डकवतात, तो सगळेच डकवतात. पण देवाच्या आणि जित्या माणसाच्या फोटोला तू तो तीनच बाजूंनी डकवायचीस, खालची बाजू मोकळी. मेलेल्या माणसाच्या फोटोला चारही बाजूंनी. आणि ती शेवटची, खालची बाजू तू स्वतः कधीच दाबली नाहीस. घरच्या माणसानं आपल्या तळव्यानं दाबायची, मग तो फोटो हाराचा. लोक रडत दाबायचे, काही जण घाईत दाबायचे, एक सासू तर हसत दाबून गेली. हे सगळं मी पडद्याआडून पाहिलं.

आता त्या फोटोचं सांगते. मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडं आले होते, ते साल. पावसाळा सरत आला होता. पोटुशीनं मेलेल्यांचे फोटो पाहू नये म्हणून तू मला फक्त देवांच्या काचा पुसायला द्यायचीस, आणि मी सगळं डोकावून पाहायचे. तेव्हा आलापल्लीच्याही पलीकडचा एक माणूस आला, ठेकेदाराकडे मुकादम होता. टोपी, कोट, पायात चिखल. मागं एक बाई, कडेवर चालायला लागलेलं लेकरू, हातभर हिरव्या बांगड्या. ती त्याची भावजय. त्यानं कोटातून फोटो काढला. डेपोत सगळ्या मजुरांचा मिळून एक फोटो कोणी काढला होता, त्यातून एकाच माणसाचं तोंड मोठं करून आणलं होतं. मोठं करताना डोळे विरघळले होते, नुसत्या दोन काळ्या जागा. ओठ मात्र स्वच्छ, जरा उघडे, काही सांगता सांगता थांबल्यासारखे.

'बाई, उद्या पायजे,' मुकादम म्हणाला. 'माहा भाऊ गेला. जाळाले काही भेटलं नाई, फोटोच मांडून तेरवी करतो.'

'कुठी गेला?' तू विचारलंस.

'नदीनं नेला. लाकडाचा तराफा फुटला. बाकीचे पोहून आले, हा नाई आला.'

'मेलेला कोणी पाह्यला का, भाऊ?'

'नदी दाखवते का, बाई?'

तू करवत घेतलीस. चौकट केलीस, साधी, काळी पट्टी. फोटो बसवलास, तीन बाजू डकवल्यास आणि खळीचं भांडं त्या बाईपुढं सरकवलंस. रीत सांगितलीस. ती बाई दोन पावलं मागं सरली. 'मी नाई दाबत,' म्हणाली. 'मले तो मेलेला दिसला नाई.'

'मंग मी दाबतो,' मुकादम पुढं झाला.

आणि माय, तू त्याच्या हाताखालून ती चौकट अशी उचललीस जशी मांजर पिल्लू उचलते. 'खळ पातळ झाली आज, भाऊ. निघन लवकर. उद्या ये.'

दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस लाकूड ओलं निघालं. तिसऱ्या खेपेला काचेत बुडबुडा दिसला तुला, जो मला अजून दिसलेला नाही. मुकादम वैतागला. 'हे दुकान आहे का कोर्ट, बाई? तारखाच देऊन राह्यल्या तुमी!' तू गंभीर तोंड करून म्हणालीस, 'कोर्ट घाईत चुकलं तं चालते, भाऊ. कोपरा चुकला तं चालत नाई.' मी पडद्यामागं तोंडात पदर कोंबून हसत होते, पोटातलं बाळसुद्धा हललं.

ती दोघं वेशीजवळ कोणा नातेवाइकाकडं उतरली होती. तो ठेकेदाराच्या कामाला हिंडायचा आणि ती लेकरू घेऊन आपल्या ओट्यावर येऊन बसायची. एक दिवस तू तिला चहा दिलास, तेव्हा ती बोलली. 'बाई, तो फोटो बंद झाला का माह्या बांगड्या उतरवतीन. मंग मले माहेरी धाडतीन आन पोट्टा ठेवून घेतीन. वावर पोट्ट्याच्या नावाचं आहे ना. दीर वाईट नाई, पण सासूपुढं त्याचं चालत नाई.' एवढंच. लेकरू काचेचे तुकडे उचलायला धावत होतं आणि ती बोलता बोलता त्याला मागं ओढत होती. तू तिच्या बांगड्यांकडं पाहत राहिलीस. तुझ्या स्वतःच्या हाताकडं तू तेव्हा एकदाही पाहिलं नाहीस, ते माझ्या लक्षात आहे.

ती गेल्यावर तू माझी शाळेची जुनी पेटी उघडलीस. त्यातून माझा टीपकागद काढलास, तोच, शाईचे ठिपके टिपून टिपून निळा झालेला. त्यातून रुपयाएवढा गोल कापलास. चौकटीचे खिळे काढलेस, तो गोल फोटोच्या मागं, नेमका ओठांच्या मागं ठेवलास, फळी बसवलीस, पुन्हा तीन बाजू डकवल्यास. मग वाटीत पाणी घेतलंस आणि कापसाची लांब वात वळलीस. मला तिथंच सगळं कळलं. खालच्या मोकळ्या बाजूतून ओली वात आत सरकवली की तो टीपकागद भिजणार, ओल फोटोतून पुढं येणार आणि काचेला आतून वाफ धरणार, तोंडापाशी. म्हटलं, व्वा गं माझी माय! तू वर पाहिलंस आणि मला पडद्याआड हाकललंस. 'तू तुह्यं पाय. पोटुशी आहेस, फोटोकडं पाहू नको.'

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादम आला तो ठरवूनच. नागपूरचा पट्टीवालाही तेव्हा दुकानात होता, तो सोनेरी पट्ट्यांचे नमुने घेऊन वर्षातून एकदोनदा यायचा आणि तुझ्याशी सरसावरून भांडायचा. म्हातारा, जाणता माणूस, विदर्भातली सगळी दुकानं फिरलेला. मुकादमानं खळीच्या भांड्यात दोन बोटं घातली. म्हणाला, 'आज मीच दाबतो, बाई. गाडी उभी आहे.' त्यानं चौकट हातात घेतली. लेकरू त्याच्या गुडघ्याशी उभं होतं. त्यानं फोटोकडं बोट केलं आणि म्हणालं, 'बा फू. बा फू करते.'

सगळ्यांनी पाहिलं. ओठांसमोर काचेवर धुकं होतं, चिंचोक्याएवढं. तू पदरानं काच पुसलीस. गेलं नाही, ते आतून होतं. मग ते आपसूक लहान झालं. लहान होत होत गेलं, ओठ स्वच्छ दिसले, आणि पुन्हा आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. गोणपाटाच्या भोकातून मी पाहत होते आणि माझा श्वास कधी त्याच्या तालावर चालू लागला ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा मी तोंडावर हात दाबला.

पट्टीवाल्यानं चष्मा वर केला. 'बाई, फळी ओली लागली असन पाठीले.'

'चहाच्या खोक्याची फळी आहे,' तू म्हणालीस. 'माह्या लग्नाआधीची वाळलेली.'

त्यानं फळी वाजवली, नाकाशी नेली. 'वाळलेलीच आहे. आन ओल असती तं कोपऱ्याले धरली असती, सरसापाशी. मी इतकी दुकानं पाह्यली, ओल कोपऱ्यातून आत येते. इथी तोंडापाशीच काऊन?' आणि मग, अगदी हळू, 'आन वाफ एकदा धरली का धरून राह्यते, बाई. अशी येत-जात नाई.'

मुकादमाचा चेहरा खळीसारखा झाला होता. 'काय घातलं तुमी याच्यात?'

'काच घातली, कामट्या घातल्या, फळी घातली,' तू म्हणालीस. 'बाकीचं तूच आणलं, भाऊ.' तुझे हात थरथरत होते. मी मनात म्हटलं, काय नाटकी आहे माझी माय, नाटकमंडळीत असती तर नाव काढलं असतं!

त्यानं चौकट अलगद, अगदी झोपलेलं लेकरू ठेवावं तशी खाली ठेवली. बोटांची खळ कोटाला पुसली. भावजयीकडं न पाहता म्हणाला, 'माहा भाऊ आहे तो. त्याले मी माह्या हातानं कसा बंद करू?' आणि गेला. ती बाई लेकरासकट आपल्याकडंच राहिली. संध्याकाळी तू वाटीतलं पाणी तुळशीत ओतलंस. वाटी काठोकाठ भरलेली होती. ते मी पाहिलं, पण तेव्हा त्याचं मला काही वाटलं नाही.

मला मुलगी झाली. ती बाई दुकानात खळ लावायला शिकली, कामट्या तासायला शिकली, तुझ्याहून बारीक तासायची, तुला आवडायचं नाही ते. चौकट कोनाड्यात होती. धुकं येत-जात असायचं, कधी दाट, कधी इतकं विरळ की तिरकं पाहिल्याशिवाय दिसू नये. गिऱ्हाइकं त्या कोनाड्याकडं पाठ करून बसत नसत. मी तुला दोनदा विचारलं, माय, वात कधी घालतेस, मला दिसत नाही. तू म्हणालीस, 'पोरीले पाज.' मग थंडी पडली, झाडीतल्या गावांत मंडया, म्हणजे जत्रा-नाटकं, सुरू झाल्या, आणि एक दिवस सकाळपासून काच कोरडी. दुपारी कोरडी. दुसऱ्या दिवशीही कोरडी. ती बाई जेवली नाही. कोनाड्यासमोर बसून राहिली, आणि मग उठून सरळ तुझ्यापुढं आली. 'बाई, द्या खळ. दाबतो मी.' तिनं हातसुद्धा धुतले होते.

तू म्हणालीस, 'खळ आज केली नाई.' भांडं भरलेलं तुझ्या मांडीशी होतं, माय. तिनं ते पाहिलं आणि ती पुन्हा कामट्या तासायला बसली. रोज हात धुऊन यायची, आणि रोज तू तिला सांगायचीस, आज केली नाई.

मग एक दिवस दुपारी मुकादम ओट्यावर येऊन उभा राहिला, आत येईना. त्याच्या मागून एक माणूस आला, काठीवर, डोक्याचे केस उतरवलेले, कानामागं हाडं दिसत होती. त्या बाईच्या हातातली कामट्यांची जुडी खाली सांडली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं पुढं होऊन त्याच्या तोंडासमोर आपला तळवा धरला. बराच वेळ धरला. मग लेकराला म्हणाली, 'बा आला.'

तो खाली बसला. नदीपल्याड तेलंग्यांच्या वाडीत लोकांनी त्याला काढलं होतं. ताप भरला, किती काळ पडला त्याला माहीत नाही. तू त्याला पाणी दिलंस. तो चौकटीकडं पाहत नव्हता, त्याला ती दिसलीच नव्हती अजून, आणि तो बोलत होता. 'तापात वाटे, कोणी मले पेटीत ठेवलं. तोंडावर गार काच. तिन्हीकडून बंद. नुसता पायाकडून, खालून, वारा ये. त्या वाऱ्यावर जीव धरून होतो, बाई. भेव वाटे का कोणी तेबी बंद करन. आन एक दिवस वाटलं, आता काच नाई. मंग उठलो आन चालाले लागलो. वाटेत भाऊ भेटला, त्यानं टरकात घातलं.'

तू मुकादमाकडं वळलीस. 'तू सांगतलं असन याले. फोटोचं, खालच्या बाजूचं.'

'टरकात एक शब्द नाई बोललो, बाई,' तो ओट्यावरूनच म्हणाला. 'कोणत्या तोंडानं बोलू?'

मी पाळण्याची दोरी ओढायची थांबले. तू कोनाड्यातून चौकट काढून त्या माणसाच्या मांडीवर ठेवलीस. त्यानं स्वतःला पाहिलं, मग चौकट उलटी केली, ती मोकळी बाजू बोटानं उचलून पाहिली आणि लगेच बोट मागं घेतलं, चटका बसल्यासारखं. ते लोक ती चौकट घेऊन गेले. खालची बाजू मोकळी ठेवून.

आणि माय, मी ही गोष्ट जन्मभर सांगितली! सासरी सांगितली, तुझ्यामागं दुकान मी चालवलं तिथं सांगितली, नातीला झोपवताना सांगितली, आणि दर वेळी हसत सांगितली. माझ्या मायनं टीपकागद भिजवून एका बाईच्या बांगड्या वाचवल्या, आणि नशीब असं की नवरा खरंच परत आला. त्या माणसाचं बोलणं मी गाळायचे. तापातला माणूस काहीही बोलतो, त्यात काय सांगायचं. तू गेलीस तोवर मी पुन्हा विचारलं नाही. मला माहीतच होतं ना.

आज त्या लेकराचा मुलगा ती चौकट घेऊन आला. म्हणजे त्या माणसाचा नातू. आजोबा म्हातारे होऊन, घरात, सगळ्यांच्या देखत गेले. मग त्याच्या आजीनं, म्हणजे त्याच बाईनं, भाताची खळ करून खालची बाजू स्वतः दाबली. ती दिसतेच, तुझा खाकी कागद तीन बाजूंना आणि खाली वेगळा, पांढुरका, त्यावर तळव्याच्या सुरकुत्या वाळलेल्या. आता काच तडकली म्हणून त्यानं आणली. मी नातीला म्हटलं, बस इथं, तुला तुझ्या पणजीची करामत दाखवते. कागद भिजवून नाही, सुरीनं सोडवला. खिळे काढले, तुझे खिळे, एकालाही गंज नाही. फळी उचलली. तो गोल तिथंच होता, ओठांच्या मागं, तू ठेवलास तसाच.

तो माझ्या टीपकागदाचा गोल होता. माझी शाई. माझा उलटा उमटलेला ग, उलटा म, रेघांची टोकं, ठिपके. सगळे ठिपके कडा धरून, काल टिपल्यासारखे. मी पाहत राहिले. नातीला आधी कळलं नाही. मी म्हटलं, बोटाला थुंकी लाव आणि एका ठिपक्याला टेकव. तिनं टेकवलं. निळं लगेच पसरलं, तिच्या बोटाला लागलं, शेजारचा ग पुसून गेला. म्हणजे एक थेंबसुद्धा त्याच्यावर कधी पडला नव्हता. फळी कोरडी, फोटोच्या पाठीवर ओलीचं एक वर्तुळ नाही. तू कागद ठेवलास, वात वळलीस, वाटी भरलीस, आणि तू वात घालायच्या आधीच ते आलं. तुझे हात थरथरत होते, माय. आणि मी तुला नाटकी म्हटलं.

मी घाबरायला पाहिजे होतं. नात घाबरली, तिनं चौकट घेऊन आलेल्या पोराकडं आणि मग फोटोकडं पाहिलं आणि जरा लांब सरकून बसली. मला मात्र काय झालं कोण जाणे, इतका आनंद झाला की रडूच आलं. मोठी झाल्यापासून मी तुला हुशार म्हणून मिरवत होते, आणि तू हुशारच होतीस, पण त्या दिवशी त्या चौकटीपुढं तूही माझ्यासारखीच उभी होतीस, काही न कळून, आणि तरी हात न हलवता. खळ आज केली नाई, म्हणत. नवी काच दोराभर लहान कापली. बांबूच्या त्याच कामट्या घातल्या, त्या अजून सरळ आहेत. गोल काढून ठेवायचा होता, पण नाही काढला, होता तिथं ठेवला. तीन बाजू मी डकवल्या आणि चौथी त्या पोरानं आपल्या तळव्यानं दाबली. त्यानं विचारलं, 'आजी, काऊन मीच?' मी म्हटलं, तुमच्या घरची रीत आहे.

आता एक सांगते आणि थांबते, नात चहा ठेवायला गेली आहे तोवर. तुझा फोटो माझ्या खोलीत आहे, मीच मढवला. तीन बाजू तेव्हाच डकवल्या. चौथी मला दाबायची होती, दुसरं कोणी नव्हतंच. अजून दाबली नाही. मुलगा म्हणतो कसर लागेल, मी म्हणते उद्या दाबते, खळ आज केली नाही. रोज सकाळी मी काच पुसते, आणि पुसायच्या आधी जरा तिरकं पाहते. काच कोरडीच असते. पाहते मात्र. हे लिहिताना मनात होतं की ह्याच कागदाची बारीक घडी करून खालच्या बाजूनं तुझ्याकडं आत सरकवावी, तेवढी जागा आहे. घडीही करून पाहिली, चौकट हातात घेतली. मग नाही घातली. उशीखालीच ठेवते. आत एवढा कागद गेला तर वारा अडेल.